गोठू देऊ नका

डुलूथ
३० जानेवारी

आई,

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शुक्रवार, १६ जानेवारी. प्रोबेशनच्या सकाळच्या फोनवर 'आज तपकिरी' असं ऐकवलं गेलं. तुझा रंग तपकिरी आहे, म्हणजे त्या दिवशी नमुना द्यायची पाळी तुझी.

२. दुपारी सव्वातीन वाजता तू शेरीफच्या कचेरीत लघवीचा नमुना दिलास. बाटलीला सील लावलं गेलं. सीलवर तुझी आद्याक्षरं आहेत.

३. शनिवार, रविवार आणि सोमवारची सरकारी सुट्टी. नमुने नेणारी गाडी मंगळवारी आली.

४. बुधवारी, २१ तारखेला नमुना आमच्या प्रयोगशाळेत पोचला. सील शाबूत होतं. बाटली तडकलेली नव्हती.

५. गुरुवारी चाचणी झाली. आकडा ६१४. पाचशेच्या वर गेला की 'दारू आढळली' असं कळवतात.

६. शुक्रवारी अहवालावर सही होऊन तो तुझ्या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे गेला.

७. २७ फेब्रुवारीला कोर्टात तारीख आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या तिसऱ्या गुन्ह्याची एक वर्षाची शिक्षा दारू न पिण्याच्या अटीवर स्थगित आहे, ती लागू करायची का, हे तिथे ठरेल.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, म्हणजे माहीत असलेलं एकीकडे झालं. रंग आणि कोर्टाची तारीख मला आयरिन मावशीकडून कळली. तिच्यावर चिडू नकोस. परवा तिचा फोन आला होता.

"तुझ्या आईनं पुन्हा घेतली म्हणे," ती म्हणाली.

"हं."

"नुसतं हं? दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसलीयेस का?"

"मी काय म्हणू, मावशी?"

"काहीतरी म्हण. पंचवीस मैल मी तिला नेते, पंचवीस मैल परत आणते. हल्ली वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागते. त्या नव्या गोळीनं सारखी लागते तिला. वर खाज. साठी उलटली तरी बाईच्या मागचं काही सुटत नाही बघ."

"कोणती नवी गोळी?"

"साखरेची. नाताळाच्या आधीपासून घेतेय."

त्या गोळीमुळे मी हे पत्र लिहिते आहे. पुढच्या मजकुराला क्रमांक घातलेले नाहीत, कारण त्याची मला खात्री नाही.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात. मग तिथे यीस्ट वाढू शकतं. खाज त्याची असू शकते. बाटलीत साखर आणि यीस्ट दोन्ही असलं आणि बाटली उबेत राहिली, तर बाटलीतच थोडी दारू तयार होते. आम्ही मात्र दारू मोजत नाही. ती प्यायल्यावर शरीरात दोन खुणा उरतात, त्यांतली पहिली मोजतो. ही पहिली खूण काही जंतूही बनवू शकतात, बाटलीतल्या दारूपासून, बाटलीतच. दुसरी खूण जंतू बनवत नाहीत, ती शरीरातच बनते. तुझ्या काउंटीच्या करारात फक्त पहिली खूण मोजायची असं आहे. त्यामुळे दुसरी मोजली गेली नाही.

बाटली उबेत राहिली होती का, हे मला माहीत नाही. नमुने थंड ठेवायचे असतात. म्हणजे ही एक शक्यता आहे, इतकंच. तू प्यायली नाहीस असं मी म्हणत नाही.

गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख कळव. दोन्ही डबीवर असतात.

फोन करत नाही. फोनवर आपण दोघीही वाईट वागतो.

एलिन


डुलूथ
५ फेब्रुवारी

आई,

तुझं उत्तर आलं नाही. वाट बघत बसण्यापेक्षा मी काल शेरीफच्या कचेरीत फोन केला. प्रयोगशाळेतून बोलते म्हणाले, आणि ते खरं होतं. नाव सांगितलं नाही. नमुने घेणारे गॉर्डी बोलले. इतकं बोलणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मी विचारलं, सोळा तारखेच्या बाटल्या मंगळवारपर्यंत कुठे होत्या.

"का हो, पुन्हा तडकल्या की काय?" ते म्हणाले.

"नाही. एकही तडकली नाही."

"तडकणारच नाहीत. मी स्वतः बघितलं. त्या आठवड्यात उणे तीस होतं, बाई. तुम्ही डुलूथवाले तळ्याकाठी मजेत असता, इथे श्वास सोडला की तो जमिनीवर पडून फुटतो."

"फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या ना?"

"फ्रिज मागच्या व्हरांड्यात आहे. या दिवसांत तिथे ठेवलेलं दूधसुद्धा विटेसारखं होतं. मागच्या वर्षी तुमच्याकडूनच ओरडा आला ना, बाटल्या गोठून फुटल्या म्हणून? कागद आलाय तुमचा. भिंतीवर लावलाय मी. मोठ्या अक्षरात, गोठू देऊ नका. नाही दिल्या गोठू. बुटांचं खोकं घेतलं, टॉवेलात गुंडाळल्या आणि रेडिएटरवर ठेवल्या. माझी आई कोंबडीची पिल्लं अशीच जगवायची."

"चार दिवस?"

"चार दिवस. सुट्टीच्या दिवशी येऊन हात लावून बघून गेलो. छान अंगाइतक्या कोमट होत्या."

मी आभार मानून फोन ठेवला.

तर बाटली उबेत राहिली होती. तू पुल्ला पाव करायचीस तेव्हा वेलदोड्याचं ते गोड पीठ टॉवेलाखाली झाकून रेडिएटरवर फुगायला ठेवायचीस. साखर, यीस्ट, टॉवेल, ऊब. तेच झालं असावं. 'झालं' आणि 'झालं असावं' यांतलं अंतर फक्त दुसरी खूण मोजूनच मिटेल.

गॉर्डींचा दोष नाही. त्यांनी प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणे केलं.

उरलेला नमुना आमच्याकडे गोठवलेला आहे. अहवालानंतर तीस दिवस ठेवतात, मग नष्ट करतात. दुसरी चाचणी प्रयोगशाळा आपणहून करत नाही आणि काउंटी मागत नाही. ज्याचा नमुना आहे तो माणूस लेखी मागू शकतो. गोळीचं कळवलंस की पुढचं लिहिते.

एलिन


डुलूथ
१० फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र आणि रिकामी डबी आज मिळाली. गोळी मला वाटली तीच आहे. सुरुवात ३ डिसेंबर. धन्यवाद.

तू लिहितेस: "एली, तुझ्या पत्रात नंबर घातलेले होते म्हणून मला वाटलं विम्याचं आहे. शनिवारच्या सौनाच्या वाफेसाठी बंब पेटवायच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. आयरिननं अक्षर ओळखलं, नाहीतर तुझी सगळी हुशारी माझ्या पाठीवर घाम होऊन आली असती."

पुढे लिहितेस: "गॉर्डीला कुणी बोलायचं नाही. मी आत बाटली भरते तेव्हा तो दाराबाहेर उभा राहून मोठमोठ्यानं मासेमारीच्या गोष्टी सांगतो, म्हणजे मला लाज वाटू नये. सोळा तारखेला इतका मोठा मासा सांगितला की मला हसू येऊन सगळं थांबलंच."

आणि शेवटी: "वकीलबाई म्हणते, चूक कबूल केलीत तर तीस दिवस. भांडलात आणि हरलात तर आख्खं वर्ष. बाई बरी आहे, पण बोलताना घड्याळाकडे बघते. मी कबूल करणार आहे. तीस दिवसांचं काय घेऊन बसलीस, तुझ्या बापाबरोबर मी एकोणीस वर्षं काढली. दमले मी, एली. रोज सकाळी उठून रंग ऐकायचा, आणि रंग आपला नसला तरी दिवसभर छाती धडधडायची. दोनच गोष्टी सांग. एक, ६१४ हा आकडा मला कुणी सांगितलेला नाही. वकीलबाईच्या कागदावर नुसतं 'आढळली' आहे. तुला कुठून कळला? दोन, तू दोन पत्रं लिहिलीस, पानंच्या पानं. त्यात मी प्यायले का, हे एकदाही विचारलं नाहीस."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

क्रमांक ६ मध्ये मी 'सही होऊन' असं लिहिलं होतं. सही माझी आहे. चाचणीही मीच केली.

बाटलीवर नाव नसतं. काउंटीचा क्रमांक असतो, आद्याक्षरं असतात आणि जन्मतारीख असते. २९ फेब्रुवारी १९६४. लहानपणी तू म्हणायचीस, माझा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो म्हणून केक चौपट हवा. ती तारीख मी ओळखणार नाही असं होणं शक्य नव्हतं.

ओळखीच्या माणसाचा नमुना आला तर हात लावायचा नाही, वरिष्ठांना सांगायचं, असा नियम आहे. सांगायचं म्हणजे 'ही माझी आई' असं म्हणावं लागलं असतं. तुझ्या काउंटीचे नमुने आमच्याकडे येतात हे मला पंधरा महिने माहीत आहे. पंधरा महिने मी तिथे कुणाला काही सांगितलेलं नाही. मी बाटली उघडली. संध्याकाळी आकडा आला. मला आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सही केली आणि डबा उघडून जेवले.

दुसरा प्रश्न. आमच्याकडे बाटलीबरोबर कधी कधी चिठ्ठी येते. माणसं लिहितात, खोकल्याचं औषध घेतलं होतं, चूळ भरायचं औषध वापरलं होतं, केकमध्ये रम होती हे माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्या सगळ्या वाचायचे. आता घडी न उलगडता फाइलला लावते. चिठ्ठीने आकडा बदलत नाही. तू मला दोनदा 'नाही' म्हणाली होतीस, एकदा पप्पांच्या घरच्या अंगणात आणि एकदा आजोबांच्या दफनानंतरच्या जेवणात, हातात गाडीची किल्ली घेऊन. दुसऱ्या वेळी मी शेरीफला फोन केला आणि गाडीचा नंबर न चुकता सांगितला. त्या फोनबद्दल मला पश्चात्ताप नाही. तू कुणाला तरी मारलं असतंस.

तेव्हापासून मी तुला काही विचारत नाही. विचारलं की उत्तराचं काय करायचं ते ठरवावं लागतं.

पण कबुली देऊ नकोस. निदान अजून नको. दमलेली माणसं चुकीच्या कागदांवर सही करतात. मीही केली आहे.

एलिन


डुलूथ
१४ फेब्रुवारी

आई,

आणखी एक गोष्ट राहिली होती. मी ती राहू दिली होती.

मागच्या पत्राआधीच्या पत्रात 'प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणे' असं लिहिलं आहे. ती सूचना मी लिहिली. गेल्या फेब्रुवारीत तुमच्या बाजूच्या तीन काउंट्यांतून तडकलेल्या बाटल्या आल्या, पिशवीत पिवळा बर्फ. मी वैतागले होते. दहा मिनिटांत एक कागद तयार केला, वर ठळक अक्षरांत 'नमुने गोठू देऊ नका' असं लिहिलं आणि सगळ्यांना पाठवला. किती थंड ठेवायचे हे लिहिलं नाही. मला वाटलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. एका आकड्याची जागा होती. मी आकड्यांचं काम करते, आणि तो कागद मी आकड्याशिवाय पाठवला. मी त्याच भागात वाढले. व्हरांड्यातल्या फ्रिजमध्ये दूध गोठतं हे मला गॉर्डींनी सांगायला नको होतं.

म्हणजे ती बाटली रेडिएटरवर माझ्यामुळे गेली, ती मीच उघडली आणि मीच सही केली. मधल्या कुठल्याही पायरीवर माझी चूक पकडणारा दुसरा माणूस नव्हता.

गुरुवारी मी हे वरिष्ठ बाईंना सांगितलं. त्यांचं नाव पेट्रा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तू मला आज का सांगतेस?"

"कारण रेडिएटरचं मला आता कळलं."

"आईचं तुला बावीस जानेवारीला कळलं होतं."

"हो."

"एलिन, गेल्या महिन्यात ती नवी मुलगी एका बाटलीवरची वेळ लिहायला विसरली म्हणून तू तिला रडवलं होतंस."

"हो."

"मला फक्त आठवलं, म्हणून म्हटलं."

माझी नमुन्यांच्या फ्रीझरची किल्ली काढून घेतली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी घरी आहे. पुढे काय होईल माहीत नाही. नोकरी बहुधा जाईल. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझ्या नमुन्याला आता मी हात लावू शकत नाही, हे तुझ्या वकीलबाईंना माहीत असावं म्हणून लिहिते. नवी सूचना सगळ्या काउंट्यांना गेली. तिच्यात तापमान आहे, आणि गॉर्डींना छोटा फ्रिज मिळणार आहे, आत ठेवायचा.

तुझा अहवाल दुसऱ्या कुणाच्या सहीने पुन्हा जाईल. आकडा तोच राहील. सही बदलली म्हणून बाटलीतलं बदलत नाही.

एक गोष्ट तुझ्या विरुद्धचीही लिहायला हवी. त्या खोक्यात सहा बाटल्या होत्या. बाकीच्या पाचांमध्ये काहीच आढळलं नाही. त्या माणसांना ती गोळी नसेल, यीस्ट नसेल, म्हणून असेल. किंवा दुसरं कारण असेल.

सोबत अर्ज आहे. दुसऱ्या खुणेच्या चाचणीची मागणी, एक पान, खाली तुझी सही. चाचणी दुसऱ्या गावातली प्रयोगशाळा करेल. निकाल कोर्टालाही जाईल, कसाही आला तरी. तो थांबवता येणार नाही.

दुसरी खूण नसेल, तर तू प्यायली नव्हतीस असं म्हणायला भक्कम आधार मिळेल. माझ्या ओळखीतला कुणीही रसायनतज्ज्ञ ते नाकारणार नाही. खूण असेल, तर तू प्यायलीस. मग वकीलबाईंचा तीस दिवसांचा पर्यायही बहुधा राहणार नाही. वर्षच.

नमुना सोमवारी, २३ तारखेला सकाळी नष्ट होईल. अर्ज शुक्रवारी, २० तारखेला पाच वाजेपर्यंत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. टपालावर विसंबू नका. मावशीला घेऊन यायला सांग. वाटेत दोनदा थांबावं लागलं तरी दुपारपर्यंत पोचाल. अर्ज माझ्याकडे देऊ नका, खिडकीवर पेट्रा बाईंच्या नावाने द्या आणि पोच घ्या. वकीलबाईंना ही चारही पत्रं दाखव. नंबर घातलेलं पहिलं आधी.

सही करावी की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यासाठी जे माहीत हवं ते फक्त तुला माहीत आहे. पंधरा महिने मी तुझ्याबद्दलची माहिती बाटलीतून घेत होते, आणि ती बाटली चुकीची असू शकते. त्यामुळे तू म्हणालीस ते आता करते.

मंगळवार, १३ जानेवारी ते शुक्रवार, १६ जानेवारी दुपारी सव्वातीन; खूण साधारण तितकेच दिवस टिकते. या वेळात तू दारू प्यायलीस का?

'नाही' असेल, तर सही कर आणि अर्ज घेऊन ये. 'हो' असेल, तर अर्ज बंबात टाक, पण मला लिही. तू जे लिहिशील ते मी खरं धरेन. या वेळी दुसऱ्या कशाशी ताडून बघणार नाही.

हे पत्र जाळायच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून पाकिटावर तुझं नाव हाताने लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात.

उत्तर मला गुरुवार, १९ फेब्रुवारीपर्यंत दे.

एलिन